गुलाब आणि दोन कळ्या

शिरीष दामले हॉलमध्ये आला आणि दारातच थबकला. त्याच्या बायकोने, उत्तराने, पाहुण्यांना सोलकढी दिली होती, आणि तीही त्या ग्लासात!

आखातातल्या अल हैलच्या त्याच्या फ्लॅटमध्ये जुन्या ग्लासांचं कपाटच होतं. पण अस्सल म्हणावा असा हा एकच. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात परागंदा राजाची बाजू उघड घेणं जिवावर बेतायचं. म्हणून त्याची माणसं अशा ग्लासांवर गुलाब आणि दोन कळ्या कोरून घेत आणि त्याच्या नावाने गुपचूप पीत.

पाहुणे म्हणजे बदरुद्दीन परकार. मूळचे रत्नागिरीकडचे, आता इब्रा गावात दुकान. मागच्या उन्हाळ्यात शिरीषची गाडी तिकडे बंद पडली, तेव्हा याच माणसाने त्याला दोन दिवस घरी ठेवून घेतलं होतं. आज ते पहिल्यांदाच सपत्नीक जेवायला आले होते.

"बदरुद्दीनभाई, तो ग्लास द्या इकडे," शिरीष घाईघाईने म्हणाला. "तुम्हाला स्टीलच्या पेल्यात देतो."

बदरुद्दीननी आजूबाजूला पाहिलं. बाकी सगळ्यांसाठी काचेचेच ग्लास होते.

"आमच्या आजोबांना गावात चहा वेगळ्या कपात मिळायचा," ते शांतपणे म्हणाले. "तो कप वळचणीला खोचलेला असायचा. इथे पण तेच का?"

"अहो, भलतंच काय! तो ग्लास फार किमती आहे हो!"

"मग वहिनींनी त्यात सोलकढी कशी ओतली?"

"रोजच्यातला चौथा ग्लास सापडेना," उत्तरा म्हणाली. "आणि हा नुसता धूळ खात होता."

बदरुद्दीनच्या बायकोने, अमीरुन्निसाने, पर्स उचलली. आता समजावत बसलो तर आणखी चिखल होणार, हे शिरीषने ओळखलं. त्याने बदरुद्दीनच्या हातातून ग्लास घेतला आणि उरलेली उष्टी सोलकढी घटाघटा पिऊन टाकली.

"तुमच्यासाठीच काढला होता," त्याने ठोकून दिलं. "भेट द्यायला. म्हटलं, धुऊन, पॅक करून द्यावा."

"असं होय! मग आधी बोलायचं ना!" बदरुद्दीन म्हणाले.

पुढे जेवण झकास रंगलं. अमीरुन्निसाने ग्लास ओढणीत गुंडाळून इब्राला नेला. शिरीषला मात्र आठवडाभर घास गोड लागला नाही.

मग बदरुद्दीनचा फोन आला. "शिरीषभाई, एकटा ग्लास बरा दिसेना. आमचा साडू ट्रॉफ्यांवर नावं कोरतो, त्याच्याकडून तसेच पाच करून घेतले. एक तुम्ही न्या, हवा तो. यल्ला, चला, शुक्रवारी याच!"

शिरीष भिंग घेऊनच गेला. नकली माल आपण दहा हातांवरून ओळखतो, असं तो बारा वर्षं सांगत आला होता. ट्रेमध्ये सहा ग्लास मांडलेले. पाऊण तास त्याने एकेक कळी न्याहाळली. अखेर त्याचे डोळे लकाकले.

"हा! हाच नेतो."

बदरुद्दीननी शेजारी बसलेल्या साडूच्या पाठीवर थाप मारली. "बघ, बोललो नव्हतो? तुझ्या हातात कला आहे!"

साडू लाजला. "पहिलाच केलेला तो. जरा वाकडा झालाय, सांभाळून घ्या."

"छे, छे, सुरेख आहे," शिरीष म्हणाला आणि ग्लास रुमालात गुंडाळू लागला.