लक्ष्मीची कच्ची पावलं

लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं, तर मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या उद्यापनाला लक्ष्मीची पावलं छापलेले ब्लाउजपीस वाटीन, असं वैजयंताबाई खोत देवीपुढे बोलल्या होत्या. ते वाटून झाले, आणि पहिल्याच धुण्यात पावलं कापड सोडून चालत निघून गेली.

त्यांच्या गावात याचं कुणाला नवल नाही. रंग पक्का आहे का हे न बघता छापलेलं चित्र कापडावर राहत नाही. फुलं गळतात, मोर उडतात, पावलं चालतात. म्हणून छापखाना आधी नमुन्याचा तुकडा देतो. तो मिठाच्या पाण्यात भिजवायचा, साबण लावून चोळायचा, वाळवायचा, आणि मगच बाकीचं छापायला सांगायचं.

वैजयंताबाईंनी नमुन्याची घडी उलगडली आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. लक्ष्मीची पावलं मोरीत चोळायची? त्यांनी तुकडा देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि छापखान्याला कळवलं, "धुतला हो. छान निघाला."

आता शेजारच्या मालूताई ओला, कोरा ब्लाउजपीस घेऊन दारात उभ्या होत्या.

"वैजू, तुझी लक्ष्मी उंबरा ओलांडून गेली गं! सासूबाई म्हणतात, घरात आलेल्या लक्ष्मीला मीच साबण लावून हाकललं."

वैजयंताबाईंना मान वर करवेना. गल्लीतल्या दारादारांतून ओली, लाल पावलं बाहेर पडलेली दिसत होती. देवीला बोललेलं फिटलं तर नाहीच, उलट भरल्या घरांतून तिला बाहेर काढल्यासारखं झालं.

तेवढ्यात छापखान्यातून अण्णासोंचा फोन आला.

"खोतवहिनी, तुमची पावलं आमच्या धुण्याच्या टाकीपाशी रांगेत हुबी आहेत. चाचणी झाल्याबिगर जायची न्हाईत."

"तसं म्हणाली?"

"म्हणत न्हाईत, पण हलत बी न्हाईत. काम खोळंबलंय. नमुना धुतला म्हणाला होता न्हवं?"

वैजयंताबाईंनी पदर तोंडाशी धरला. "नव्हता धुतला, अण्णासो."

"बरं. मग आता या धुवायला."

मालूताईही सोबत गेल्या. टाकीपाशी पावलं शिस्तीत उभी होती. वैजयंताबाई पदर खोचून बसल्या, पण हात पुढे जाईना.

"अगं, उद्यापनाला आम्हा सवाष्णींचे पाय धुतलेस ना?" मालूताई म्हणाल्या. "माझ्या भेगाळलेल्या टाचा चोळताना लाजली नाहीस. मग हिचेच पाय तेवढे बिनधुतले ठेवायचे?"

वैजयंताबाईंनी पहिलं पाऊल ओंजळीत घेतलं आणि चोळलं. त्याचा रंग सुटला. अण्णासोंनी रंग पक्का बसावा म्हणून त्याला तुरटीच्या पाण्यात उभं केलं आणि म्हणाले, "फुडचं."

उन्हं कलताना पावलं ज्याच्या त्याच्या घराकडे निघाली. मागोमाग वैजयंताबाई, दारोदार खाली मानेनं खरं सांगत. कुणी "असू दे गं" म्हणालं, कुणी नुसतंच बाजूला सरून पावलांना वाट दिली. पावलं आत गेली, दोरीवर चढली आणि कापडावर बसली. थोडी फिकट झाली होती, पण बोटं घराच्या आतल्या बाजूला होती.

बायांनो, तुम्हीही कधी देवीचं काही छापायला दिलंत, तर हात जोडून झाल्यावर नमुना चोळून बघा. ती रागवत नाही. पाणी मात्र कोमट घ्या.