गाडी डावीकडे ओढते

पगारे बाईंच्या गाडीत बसलं की एका क्षणी त्या स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून घेतात. गाडी चालू असते. समोरून टेम्पो येत असू शकतो. बाई मात्र हात हवेत धरून, वर्गात कुणीतरी उत्तर देईल म्हणून थांबावं, तशा थांबतात. गाडी हळूहळू डावीकडे सरकू लागली की म्हणतात, "बघा! मन कुठंय हिचं? डावीकडं!"

शेजारी बसलेले पगारे काका मान डोलावतात. मागे बसलेला मी डोळे उघडतो.

दिंडोरी रोडवरच्या आमच्या इमारतीत बाई तळमजल्यावर राहतात. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. पूर्वी गाडी काका चालवायचे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ते सावरले, काठी घेऊन चालू लागले, पण डावी बाजू जरा अधूच राहिली. मग इतर बायका गुडघ्यांच्या तक्रारी सांगतात त्या वयात बाई ड्रायव्हिंग शिकल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवणाऱ्यालाच "ताठ बस" म्हणून सुनावलं होतं.

गाडी हातात आली आणि बाईंना चाकं सरळ करून घेण्याचं, म्हणजे अलाइनमेंटचं, वेड लागलं. आपण चाकं खड्ड्यात आपटली की अलाइनमेंट करायला जातो. बाई भाजीला गेल्यासारख्या जातात. जाताना काकांना बरोबर नेणार, आणि जिन्यात भेटेल त्याला त्याच्या गाडीची चाकं कशी आहेत ते विचारणार. एकदा त्यांनी वॉचमनची सायकल तपासली.

"बाई, सायकलला अलाइनमेंट नसते," मी म्हटलं.

"म्हणूनच ती अशी चालते."

परवा माझी गाडी पेठ रोडला एका खड्ड्यात दणकून गेली. स्टिअरिंग तिरकं झालं. बाईंना वास लागलाच. सकाळी दारात हजर. "प्रशांत, चल अल्ताफकडं. आम्ही निघालोच आहोत."

अल्ताफभाईंचं अलाइनमेंटचं दुकान पंचवटीत. काकांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. माझी गाडी आधी रॅम्पवर चढली. चाकांना क्लॅम्प लावले, स्क्रीनवर आकडे लाल झाले, अल्ताफभाईंनी खालून पाना फिरवला, आकडे हिरवे झाले. मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

मग बाईंची गाडी चढली. स्क्रीनवर सगळे आकडे पहिल्यापासूनच हिरवे.

मला नुकतेच ते आकडे समजू लागलेले. मोठ्यानं म्हणालो, "बाई, अहो गाडी तर एकदम सर—"

बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला. अल्ताफभाई जोरात खोकले, गाडीखाली गेले आणि कशावर तरी दोन-चारदा पाना आपटला. हात पुसत बाहेर आले ते थेट काकांसमोर.

"काका, थोडी खेचत होती लेफ्टला. बाई बराबर बोलत होत्या. केली सीधी."

काकांचा चेहरा उजळला. "वाटलंच मला," ते म्हणाले.

मी पाय चोळत बाजूला झालो. बाई मागोमाग आल्या. त्यांचा आवाज इतका खाली उतरू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"ते बसल्या बसल्या डावीकडं कलतात रे. त्यांचं त्यांना कळत नाही. दवाखान्यातून आल्यावर एकदा गाडीत मला विचारलं, 'मी कलतोय का गं?' असा चेहरा करून विचारलं... त्या चेहऱ्याला काय 'हो' म्हणू? म्हटलं, तुम्ही नाही, गाडी ओढतेय."

"आणि ते हात सोडणं?"

"अल्ताफनं सांगितलं. रस्ता कडेला उतरता असतो, कुठलीही गाडी सोडली की डावीकडंच जाते. त्यांना डोळ्यांनी दिसायला नको?" पदरानं चष्मा पुसत त्या पुढे म्हणाल्या, "वर्गात कधी खोटं शिकवलं नाही मी. आता सगळं गाडीवर ढकलते. गाडी काही मनाला लावून घेत नाही."

मी उगाच माझ्या गाडीचं चाक बघितलं.

काकांना गाडीत बसवायला आम्ही दोघं गेलो. पट्टा लावता लावता बाईंनी त्यांच्या डाव्या कुशीला एक छोटी उशी सरकवली, इतक्या सहज की त्यांना कळलंही नसेल. काका मूळचे बागलाणातल्या नामपूरचे. आजारपणानंतर इमारत, दवाखाना आणि अल्ताफभाईंचं दुकान सोडून कुठं जायचं म्हटलं की 'नको' म्हणायचे. आज त्यांनी खिडकीची काच खाली केली, समोरचा रस्ता नीट पाहून घेतला आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "गाडी सरळ जाई आते. चाल, नामपूरले जाऊत."

बाई वळसा घालून स्टिअरिंगमागे बसल्या. मग नेहमीच्या, शेवटच्या बाकाला ऐकू जाणाऱ्या आवाजात मला म्हणाल्या, "प्रशांत, घरी पोचलास की आमच्या नळाला पाणी आलंय का बघ. आम्हाला उशीर होईल."