फायली आल्या, सेटिंग गेली

लेकीच्या लग्नाची तयारी कशी करावी, हे कोणीही माझ्याकडून शिकावं! सत्याऐंशी सालची गोष्ट. पांढुर्ण्यात तेव्हा लोक पाहुण्यांची नावं पाठकोऱ्या कागदावर खरडत आणि ऐन वेळी सख्खा चुलतसासरा राहून जाई. आमच्या शोभाच्या लग्नाची यादी मात्र मी कम्प्यूटरमध्ये घातली होती. कम्प्यूटर संत्रावाल्यांच्या सहकारी संस्थेचा, मी तिथला बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, आणि रविवारी तो बिचारा नुसता बसून असे. वीज संस्थेची, कागद संस्थेचा. लग्न माझ्या घरचं, पण यादीचा खर्च शून्य.

यादीत तीन रकाने होते. नाव, गाव आणि शेरा. माणूस ओळखायची मला जुनी खोड, त्यामुळे शेरे मोठे मनापासून भरले होते. ते अर्थातच माझ्यापुरते. ऑपरेटर उत्तमनं सेटिंगच अशी केली होती की पडद्यावर तिन्ही रकाने दिसत, कागदावर मात्र नुसतं नाव-गाव छापून येई. आमच्या यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून सगळी मराठी इंग्रजी अक्षरांत.

लग्न महिन्यावर आलं आणि व्होल्टेज असं उसळलं की कम्प्यूटरनं धूर सोडला आणि पोळ्याहून परतलेल्या बैलासारखी मान टाकली. मी तो पाळण्यातल्या लेकरासारखा मांडीवर घेऊन रेल्वेनं नागपूरला नेला. तिथल्या मधुकर मेकॅनिकनं आठवड्यानं परत दिला.

म्हणाला, "बाबूजी, तुमच्या जुन्या फायली वाचवल्या. सेटिंगा मात्र गेल्या. त्या पुन्हा कराव्या लागतील."

"फायली आल्या ना? मंग सेटिंगचं काय लोणचं घालतो?" मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

उत्तमनं यादी छापली. मंगलानं, म्हणजे आमच्या घरच्या मालकिणीनं, जावांना जमवून पट्ट्या कापल्या आणि पत्रिकांवर गोंदानं चिकटवल्या. इंग्रजीशी त्यांपैकी कोणाचंच बोलणं-चालणं नव्हतं. मी एकही पट्टी पाहिली नाही. कम्प्यूटरचं काम तपासायचं म्हणजे घड्याळाला वेळ विचारून मग सूर्याला विचारायचं! गठ्ठा टपालपेटीत टाकला आणि शांत झोपलो.

चार दिवसांनी मोहगावचा गुणवंता, माझा मावसभाऊ, ऑफिसात आला. फार खुशीत होता. पत्रिका टेबलावर ठेवून म्हणाला, "दादा, माह्या नावाखाली हे पदवी कोणती लिवली गा तुनं?"

मी वाचलं. GUNWANTA, MOHGAON. खाली: EKA PATRIKEVAR PANDHRA MANSE AANTE.

मी पट्टीवर अंगठा ठेवला. म्हणालो, "सन्माननीय लिहिलं आहे."

"असं? मास्तर तं अलगच वाचून राहिला होता," गुणवंता म्हणाला आणि चहा न घेता निघून गेला.

आता खरी भीती लोधीखेड्याची. तिथे मंगलाचा थोरला भाऊ कवडूदादा. पोरीला मांडवात मामानं आणायचं असतं, आणि हा मामा आजवर एकाही लग्नात रुसल्याशिवाय जेवला नव्हता. त्याच्या नावाखाली मी लिहिलं होतं, RUSTE. AADHI MANVA.

मंगलाला सांगितलं. तिनं आधी पोळपाट बाजूला सारला. मग म्हणाली, "मामा नाही आला तं पोरीले काय तुमचा कम्प्यूटर आणन मांडवात?"

आम्ही पहिल्या बसनं लोधीखेड्याला गेलो. दादानं पाणी दिलं, चहा दिला, पिकाचं विचारलं. पत्रिका कोनाड्यात उभी होती, पट्टी समोर करून. लग्नाचा विषय काढला की तो बैलाच्या खुराबद्दल बोलायचा. निघताना एवढंच म्हणाला, "पाहू."

लग्नाच्या दिवशी सकाळपासून माझा डोळा रस्त्यावर. गुणवंता आला, तो फक्त बायकोला घेऊन! सौंसरच्या देवकाबाई आत्यांपुढे NAVE THEVTE असं होतं. त्यांनी करपलेल्या वांग्याच्या भाजीची तीनदा तारीफ केली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर ती खाल्ली. आणि मग धोतर-कोट घालून कवडूदादा उतरला. मी सुटलो म्हणतो तोवर माझ्या हातून घोटाळा झालाच. धांदलीत मामाचा मानाचा दुपट्टा-टोपी मी व्याह्यांच्या ड्रायव्हरला देऊन बसलो.

सगळा मांडव माना वळवून पाहू लागला. ड्रायव्हर टोपी घालून मजेत, आणि दादा बोडका. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, नाकपुड्या फुलल्या. मी हात जोडून पुढे झालो.

"जवाई, हात खाली घ्या," दादा दात आवळून म्हणाला. "मी रुसलो तं तुमचा कम्प्यूटर खरा ठरते. त्याले मी खरा ठरू देत नाही."

आणि बोडक्या डोक्यानं त्यानं शोभाला मांडवात आणलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो उभा होता तेव्हा रडत होता तोच, आणि त्याच्याकडे पाहून मीही. असं बिनतक्रारीचं लग्न आमच्या भागात त्याआधी झालं नाही. पत्रिका मिळालेला प्रत्येक जण मला खोटं पाडायलाच आला होता. देव त्यांचं भलं करो, सगळ्यांनी मला खोटं पाडलं. एक नारळ मी जामसावळीच्या मारुतीला फोडला आणि एक मधुकरला नेऊन दिला. तो अजून विचारतो, कशाबद्दल?

राहता राहिली एक पट्टी. यादीत पहिलं नाव माझंच होतं, आणि माझ्यापुढचा शेरा मी कोरा सोडला होता. पडद्यावर तो कोरा दिसला म्हणून उत्तमनं छापण्याआधीच मंगलाला विचारून भरला होता: HISHEB SANGTE. AIKUN GHYA.

मंगलानं ती बैठकीत घड्याळाखाली चिकटवली. पाहुणा आला की आधी ती वाचतो, मग पाय पसरून बसतो. मी काढत नाही. गोंद संस्थेचा असला तरी चांगला लागला आहे, उगाच वाया कशाला घालवायचा?