आबांच्या गुडघ्यातला मोर

अनुपमाला कंपनीनं सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला बेंगळुरूला बोलावलं होतं आणि सासूबाई, म्हणजे विठाबाई, हो म्हणत नव्हत्या. नवरा तयार होता, सासरे मारुतराव तयार होते. पण वडगाव रासाईतल्या त्या घरात विठाबाईंच्या होकाराशिवाय पान हलत नसे, आणि त्यांना रुसवून जायला अनुपमाचाही पाय निघेना.

"सून काय काम करती म्हून बाया इचारत्यात. मला सांगताच येत न्हाई. सांगता येत न्हाई ते काम चांगलं कसं असंल?"

"आई, माझं काम पॅटर्न जनरेशनचं."

"म्हंजी?"

"चिपवर नक्षी असते ना, तिचे कॉम्प्युटरवर बारीक बारीक चौकोन पाडायचे. मशीन एकेक चौकोन काचेवर उमटवतं, की झाला छापा. मग त्यातून उजेड टाकला की चिपवर तीच नक्षी उठते."

"उजेडानं कुठं नक्षी उठती व्हय!"

विठाबाई रांगोळीचे छापे जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कापत. त्यांनी कपाटावरची फिल्म ओढली. "हं, ह्याच्यावर करून दाव."

अनुपमानं जीव ओतून मोर कापला. चोच, मान, पिसारा, सगळं चौकोनाचौकोनांनी. वरून रांगोळी टाकली, फरशीवर मोर उठला. विठाबाईंनी नाक मुरडलं.

"हा तर माझाच छापा. ह्याला इंजिनेर कशाला लागतो?"

तेवढ्यात मारुतराव टोपी घालून बाहेर आले. "माझा नवा एक्स-रे कुठंय? दौंडला डॉक्टरला दावायचाय."

सासूसुनेनं एकमेकींकडे पाहिलं. मोर मारुतरावांच्या गुडघ्याच्या वाटीत मधोमध उभा होता.

"चिकटव, चिकटव लवकर," विठाबाई कुजबुजल्या. चिकटपट्टी सापडली, पण कुठला चौकोन कुठं बसवायचा हे देवालाच ठाऊक. एक तर उरलाच. तो विठाबाईंनी कमरेला खोचला, आणि मारुतरावांना एकटं सोडायला नको म्हणून दोघीही गाडीत बसल्या.

डॉक्टरांनी फिल्म बराच वेळ न्याहाळली. "आबा, तुमच्या गुडघ्यात पायऱ्या दिसतात."

"बराबर हाय!" मारुतराव म्हणाले. "पायऱ्या चढतानाच दुखतंय."

डॉक्टर खिडकीतल्या उन्हाशी गेले आणि हे काय चिकटलंय म्हणून त्यांनी नखानं पट्टी ओढली. सगळे चौकोन तिच्यासकट निघून आले. मारुतरावांच्या पांढऱ्या धोतरावर, नेमका दुखऱ्या गुडघ्यावर, उन्हाचा मोर उतरला.

"आयला!" मारुतराव ओरडले. "ह्योच बोचतोय!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं अनुपमाला झालं. विठाबाईंनी मात्र उन्हात हात धरला. मोर त्यांच्या तळव्यावर आला.

"उजेडानंच उठला की गं! आन् छापा एकच?"

"एकच. हवे तेवढे मोर उठवा."

"आन् एखादा चौकोन चुकला तर?"

"तर सगळे मोर लंगडे."

विठाबाईंनी सुनेकडे पाहिलं, तसं आजवर पाहिलं नव्हतं.

मारुतराव नवा एक्स-रे काढून येईपर्यंत बाकावरच्या सगळ्या बायकांना विठाबाईंनी चिप समजावली. "लई जोखमीचं काम हाय बाई. सून चुकली, की समदे मोर लंगडे!" अनुपमाचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

नवी फिल्म पाहून डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, बाकी काही नाही. मारुतरावांनी ती तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरली.

विठाबाईंनी हात पुढे केला. "आता बघून झालाय न्हवं? द्या इकडं. अनुपमा, बेंगळुरूला जायच्या आधी ह्याच्यावर एक कमळ कापून दे."