दोन इंच पुढची तोफ

कुणाबद्दल लिहायचं तर आधी आपण कोणीतरी असायला हवं, असं मला वाटतं. मी कोणी नाही. बेंगळूरजवळ आनेकलला आमच्या घरी इंग्रजी कागद आला की तो वाचून घ्यायला पोस्टमनलाच थांबवून ठेवावं लागायचं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. मराठी आम्ही बोलतो, लिहायचा सराव नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण हंबीरअण्णांबद्दल दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

अण्णा बेंगळूरच्या शिवाजीनगरात शिंपी होते आणि दर रविवारी सकाळी अकरा वाजता युद्ध पुकारायचे.

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं. कापड बेतायच्या टेबलावर निळ्या खडूनं नदी काढायची. बॉबिनच्या डब्यावर हिरवं अस्तर टाकलं की डोंगर तयार. मग शिशाचे बोटभर उंचीचे सैनिक मांडायचे, तांबडे अण्णांचे, निळे माझे. एका वेळी पायदळ तीन इंच चालणार, घोडा सहा. मोजायला अण्णांच्या गळ्यात टेप होतीच. तोफेला स्प्रिंग होती आणि तिच्यातून हुरळी, म्हणजे कुळीथ, उडायची. पन्नाशी उलटलेला माणूस चष्मा कपाळावर चढवून, एक डोळा मिटून तोफेमागं वाकलेला असायचा, आणि मागच्या खोलीतून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, आवाज यायचा, "हंब्या, लढाईतली हुरळी परत डब्यात टाकू नकोस! काल सारात खडू लागला."

बी.कॉम.ला असताना मी त्यांच्या माळ्यावर राहायचो. लांबचं नातं होतं. अण्णा मला नावानं कधी हाक मारत नसत, "ए कॉलेज" म्हणायचे. खेळात मला स्वतःचं डोकं वापरायची परवानगी नव्हती.

"अय्यो कॉलेज, घोडा नदीत कशाला घातलास? डिकी असं करत नव्हता. डिकी आधी पूल बघायचा."

"पण अण्णा, मी डिकी नाही."

"ते दिसतंयच. स्वल्प प्रयत्न कर."

डिकी हा एका अँग्लो-इंडियन रेल्वे गार्डचा मुलगा. त्या घरचे कपडे अण्णांचे वडील शिवायचे. सैनिक डिकीचे होते. दोघं बारा वर्षांचे असताना ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं आणि सैनिक इथं राहिले.

दर रविवारी युद्ध एकाच मांडणीपासून सुरू व्हायचं. तांबडी तोफ कुठं ठेवायची हे अण्णा तीनदा मोजायचे. निळ्या सेनापतीच्या नाकाचा रंग उडाला होता. मी एकदा म्हटलं, रंग आणतो.

"गिऱ्हाइकाच्या कापडाला आपण रंग लावतो काय?"

"हे गिऱ्हाइकाचं आहे?"

"मग कुणाचं? माझं?"

त्या दिवशी युद्ध लवकर थांबलं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून एक बाई भाचीच्या लग्नाचा झगा शिवायला आल्या. बोलता बोलता निघालं की डिकीची बहीण त्यांच्या चर्चमध्ये येते. त्यांनी तिचा पत्ता आणि फोन नंबर दिला. त्यानंतर अण्णांनी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या. रविवारी माझ्यापुढं सैनिकांऐवजी कागद आला.

"लिही. चांगल्या इंग्रजीत."

मी लिहिलं, रिस्पेक्टेड सर.

"सर काय? डिकी आहे तो!"

"मग डिअर लिहू? डिअर म्हणजे प्रिय."

अण्णा जरा वेळ टेप गुंडाळत राहिले. "सरी, ठीक आहे. घाल."

मग त्यांनी सांगितलं ते असं. शेवटच्या दिवशी डिकी पाणी प्यायला आत गेला, तेव्हा अण्णांनी आपली तोफ दोन इंच पुढं सरकवली. तिच्या गोळ्यानं निळा सेनापती पडला. डिकीनं हात मिळवला आणि म्हणाला, जिंकलास, आता हे सगळे तुझे. दुसऱ्या दिवशी तो गेला.

मला हसू आलं. "अण्णा, दोनच इंच?"

"दोनच? दोन इंचांत पँट घोट्याच्या वर जाते, कॉलेज! चाळीस वर्षं दुसऱ्याची पँट घालून फिरतोय मी."

शेजारच्या एसटीडी बूथवरून फोन करू, असं मी सुचवलं. ते म्हणाले, फोनवर माणूस घाईत "असू दे" म्हणतो. त्यानं बसून वाचायला हवं.

सैनिक परत पाठवतो, असं शेवटी घालून पत्र गेलं आणि युद्ध बंद झालं. अण्णा सैनिकांना पिशव्या शिवू लागले. प्रत्येकाला वेगळी, मापाची, आतून फ्लॅनेल, वर बटण. घोडेस्वारांना भाल्यासाठी लांब खिसा. अक्का म्हणाली, "माझ्या लग्नात मला एवढं शिवलं नव्हतं कुणी." बेचाळीस पिशव्या झाल्या. नंतरच्या रविवारीही शटर अर्धं खाली असायचं आणि अण्णा रिकाम्या टेबलाशी बसलेले असायचे. मी एकदा म्हटलं, मांडू या का? ते म्हणाले, "त्याला विचारल्याशिवाय नको."

चार महिन्यांनी उत्तर आलं. अक्षर डिकीच्या बहिणीचं होतं. मी आधी मनात वाचलं, हीच माझी चूक, कारण अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वाच," ते म्हणाले.

मी मराठीत करून सांगत गेलो. डिकीला जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन इंचांचं वाचून आपण खूप हसलो, तोही हसला असता, असं तिनं लिहिलं होतं. सैनिक तुमच्याकडेच राहू देत. डिकी आपल्या मुलांना नेहमी सांगायचा, या खेळात मला आयुष्यात एकानंच हरवलं, बेंगळूरच्या एका शिंप्याच्या मुलानं. फार कौतुकानं सांगायचा.

"कौतुकानं?" अण्णांनी विचारलं.

"हो, अण्णा."

"शेवटपर्यंत?"

मी पत्रात पुन्हा बघितलं. खरं तर बघायची गरज नव्हती, तो शब्द त्यात नव्हता.

"तसंच लिहिलंय, अण्णा."