सिंगापुरात सांबार

एकट्यानं सिंगापूरला जाण्यात एवढं काय आहे हो? लोक उगाच बाऊ करतात! मी केळझरचा दौलतराव. वर्ध्याच्या भाजीबाजारात ज्यानं आजवर एकाही अडत्याला आपल्या मालाचा भाव पाडू दिला नाही, तो माणूस एका विमानतळाला घाबरेल? मी तर गावात जाहीरच करून टाकलं, "मले कोनाची गरज नाई! एकटा जातो, एकटा येतो!"

खरं तर आम्ही दोघं जाणार होतो. आमची पोरगी रंजिता सिंगापूरला असते. जावई भूपेंद्र तिथं कंपनीत आहे. रंजिताला दिवस गेले आणि तेव्हापासून तिच्या पोटात अन्नाचा कण ठरेना. पाणी प्यायली तरी उलटी! डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, आता काही खाल्लं नाही तर भरती करून सलाइन लावू. आणि ही पोरगी फोनवर आईला काय म्हणते, "आई, तुह्या हातची सांबारवडी असती ना, तर मी खाल्ली असती वो!"

झालं! शालूबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, दोन तिकिटं काढायला लावली, आणि निघायच्या तोंडावर अंगणात घसरून पाय मोडून घेतला. आमच्या पोराला, किशोरला, शेत सोडता येईना. राहिलो मी!

इथं जरा थांबतो, कारण वाचणाऱ्यांत पुण्याकडचेही कोणी असतील. आमच्या विदर्भात सांबार म्हणजे हिरवीगार जुडी, जी तुम्ही चिरून पोह्यांवर टाकता. तिला तुमच्याकडे कोथिंबीर म्हणतात म्हणे. म्हणा बापडे! मी म्हणत नाही. माझ्या बापानं सांबार पेरला, मीही सांबारच पेरतो, आणि त्या बिचाऱ्यानं नाव बदलावं असा काही गुन्हा केलेला नाही. तोच सांबार बारीक चिरायचा, खोबरं, खसखस, तिखट घालून बेसनाच्या पारीत गुंडाळायचा आणि तळायचा. झाली सांबारवडी!

शालूबाईनं प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, बसल्या बसल्या वड्या तळल्या. स्टीलचा मोठा डबा काठोकाठ भरला आणि माझ्या हातात देताना डोळे पुसले.

"पोरीच्या हाती पडल्याबिगर डबा सोडू नोका जी."

"तू काई काळजी करू नोको!" मी म्हणालो. "डबा म्हंजे मी, आन् मी म्हंजे डबा!"

नागपूरला विमानतळावर सोडताना किशोरनं तोंड उघडलं. "बाबा, तिथं कोनी काई विचारलं तर कमी बोलजा."

"काऊन? मले इंग्रजी येत नाई काय?"

"येते ना बाबा. त्याचंच तं भेव हाये!"

मी लक्ष दिलं नाही. मुंबईला विमान बदललं, न चुकता बदललं! पुढच्या विमानात जेवण आलं. ते कशाचं आहे हे कळेना म्हणून परत केलं आणि डबा मांडीवर घेऊन उपाशी बसून राहिलो. सिंगापूर आलं. बूट चमकतील इतकी स्वच्छ फरशी! पासपोर्टवाल्यानं शिक्का मारला, बॅग मिळाली, आणि समोर बाहेर जायचं दार दिसलं. मनात म्हटलं, दौलतराव, जिंकलास!

तेवढ्यात एका तरुण ऑफिसरीणबाईंनी हात वर केला आणि डब्याकडे बोट दाखवलं. चिनी वळणाच्या, हसऱ्या, पोरीच्या वयाच्या.

"अंकल, व्हॉट इज इनसाइड?"

इथं मी 'स्नॅक्स' म्हणालो असतो तर गोष्ट संपली असती. पण स्वतःच्या शेतातल्या मालाला कोणी स्नॅक्स म्हणतं का?

"सांबार!" मी छाती काढून सांगितलं.

"सांबार?"

"यस! फ्रेश! फ्रॉम माय फार्म!"

बाईंचं हसू गेलं. मला वाटलं, छाप पडली. त्यांनी मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि एक फोटो माझ्या नाकासमोर धरला. "धिस सांबार?"

चष्मा बॅगेत होता. मला दिसलं ते असं : खाली काहीतरी मातकट रंगाचं आणि वर फांद्याच फांद्या. मी लगेच ओळखलं. सांबार वेळेवर कापला नाही, धने धरायला सोडला, की अश्शाच फांद्या टाकतो!

"यस यस!" मी म्हणालो. "बट धिस इज ओल्ड! आय कट ओन्ली यंग!"

"यू... कट... यंग वन्स?"

"ओन्ली यंग! व्हेरी सॉफ्ट! ओल्ड नो टेस्ट!"

तो फोटो सांबर हरणाचा होता हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आमच्या बोरच्या जंगलातही सांबर आहेत की! पण डोक्यात सांबार असताना सांबर कसं सुचणार? एका कान्यानं माणूस असा तुरुंगाच्या दारापर्यंत जातो.

"हाऊ मेनी, अंकल?" बाईंचा आवाज बारीक झाला होता.

"एव्हरी मॉर्निंग! टू हंड्रेड जुडी!"

"हू इज जुडी?"

आता जुडी कोण म्हणून विचारणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मी बॅग खाली ठेवली आणि हातानं करून दाखवलं. मूठ वळली. "जुडी! आय कॅच लाइक धिस. हिअर कट! टाय विथ रोप. पुट इन वॉटर. देन मार्केट!"

"यू टाय जुडी?"

"नो नो! माय वाइफ टाय! आय कट!"

बाई दोन पावलं मागं सरकल्या आणि खांद्यावरच्या यंत्रात काहीतरी पुटपुटल्या. लगेच दोघं उंचेपुरे जवान आले. एकानं माझी बॅग घेतली, दुसऱ्यानं मला "प्लीज, अंकल" म्हणत एका खोलीत नेलं. थंडगार एसी, मऊ खुर्ची, समोर पाण्याचा ग्लास. मला वाटलं, शेतकरी म्हटल्यावर इथं असा मान देत असतील! पण मग एकानं हातमोजे घातले आणि दोन बोटांनी, मेलेला उंदीर उचलावा तसा, माझा डबा उचलला. तेव्हा कुठं कळलं, हा मान नव्हे!

"अंकल, वुई कॉल युअर फॅमिली?" बाईंनी विचारलं.

"नो!" मी ओरडलोच. बाहेर रंजिता उभी असणार. बापाला पकडलं हे ऐकून त्या पोरीची काय अवस्था झाली असती? "नो कॉल! डॉटर बेबी! डॉटर नो ईट! डॉटर व्हॉमिट!"

बाईंनी जवानाकडे पाहिलं. बहुतेक त्यांना वाटलं की या माणसाच्या धंद्यामुळे त्याच्या पोरीलाही उलट्या होतात!

मग मोठे साहेब आले. सावळे, जाड मिशीचे. बोलण्यावरून तमिळ. मला हायसं वाटलं. म्हटलं, आपल्याकडचा माणूस! बाईंनी त्यांच्या कानात बराच वेळ काय काय सांगितलं. त्यात 'सांबार' आणि 'जुडी' एवढं मला कळलं. साहेबांनी डबा उघडला, आत पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोकळ्या झाल्या.

"धिस इज वडै!"

"यस साहेब! सांबारवडी!"

"सांबार वडै! ओके! वेअर इज सांबार?"

"इनसाइड!"

त्यांनी डब्यात खाली-वर पाहिलं. मग एक वडी हळूच मोडली. "धिस इज ड्राय. नो सांबार."

"धिस इज सांबार!"

"सांबार इज लिक्विड, अंकल."

"नो साहेब! सांबार इज ग्रीन!"

साहेबांनी डबा खाली ठेवला. "अंकल," ते फार शांतपणे म्हणाले, "आय ॲम तमिळ. डोंट टीच मी सांबार."

आता खोलीत बोलणारे तिघं होते आणि सांबारही तीन! बाईंच्या सांबाराला शिंगं होती, साहेबांच्या सांबारात शेंगा होत्या, आणि माझ्या सांबाराकडे कोणी पाहायला तयार नव्हतं. जगबुडी आल्यासारखी बाईंची आणि साहेबांची चर्चा चालली. शेवटी बाई म्हणाल्या, डबा ठेवून घेऊ, आत कसलं मांस आहे ते तपासायला पाठवू. निकाल येईल तेव्हा येईल. मला जाता येईल, पण डबा इथंच राहील.

डबा राहील? माझ्या डोळ्यांपुढं शालूबाईचा स्टुलावरचा पाय आला. रंजिताचा फोनवरचा तो आवाज आला. मी वर्ध्याच्या बाजारात कधी कुणापुढं हात जोडले नाहीत. तिथं जोडले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि लाज वाटायचीही सोय उरली नाही.

"साहेब, मीट नाई जी! पत्ती हाये, पत्ती! हरी पत्ती!" कोणत्या भाषेत बोलतोय हेही मला कळत नव्हतं. आणि मग, काय सांगू तुम्हाला, जो शब्द मी उभ्या जन्मात तोंडातून काढला नव्हता, तो काढला. बापाची मनातल्या मनात माफी मागितली आणि डोळे मिटून ओरडलो,

"कोथिंबीर!"

साहेबांनी मान तिरपी केली.

"कोत्तमल्ली?"

मला तमिळचं एक अक्षर येत नाही. पण कानाला ते आपल्यातलंच वाटलं. "यस! यस! कोत्तमल्ली!"

साहेबांनी मोडलेली वडी नाकाशी नेली आणि दीर्घ श्वास घेतला. "कोत्तमल्ली!" ते एवढ्या जोरानं हसले की जवान दचकला. त्यांनी बाईंना समजावलं. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला, पण मन खात होतं बिचाऱ्यांचं. "देन, अंकल... जुडी?"

"जुडी बंच! कोत्तमल्ली बंच!"

"ओह! जुडी इज ओके?"

"जुडी व्हेरी ओके!"

आता राहिला फक्त नियम. साहेब म्हणाले, आत मांस नाही याची खात्री म्हणून माझ्यासमोर तुम्ही एक खा. मी खाल्ली. विमानात काही खाल्लं नव्हतं हो! ती वडी कुठं गेली तेही कळलं नाही. म्हणून, नीट खात्री पटावी म्हणून, मी दुसरी खाल्ली. साहेब बघत होते. आता आमच्याकडे चार माणसं समोर असताना एकट्यानं खायची पद्धत आहे का?

"घ्या ना साहेब!"

"नो नो, अंकल. ड्यूटी."

"अजी, एकानं काय होते? घ्या!"

साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि घेतली. बाईंना दिली. दोघा जवानांना दिली, एकानं त्यासाठी हातमोजे काढले. एक खाल्ली की दुसरीचा आग्रह आलाच; पाहुण्याला एकच वाढतात का? साहेब म्हणाले, आमच्या आईच्या कोत्तमल्ली वडैची आठवण झाली. आता आईची आठवण काढणाऱ्या माणसाला तिसरी नको का द्यायला? आणि तो खातोय म्हटल्यावर त्याला सोबत नको का करायला? जाताना बाईंनी मला दारापर्यंत पोचवलं. "बाय बाय, अंकल! से हाय टू जुडी!"

डबा फारच हलका झालाय, हे मला बाहेरच्या दाराशी कळलं.

समोर रंजिता उभी होती. काय झालं होतं हो पोरीचं! गाल बसलेले, मनगटं एवढीशी, शेजारच्या कठड्याला धरून कशीबशी उभी. शेजारी भूपेंद्र.

"बाबा! एवढा वेळ काऊन लागला?"

"विमान लेट झालं बेटा."

भूपेंद्रनं विमानांच्या वेळेच्या पाटीकडे एकदा पाहिलं. पण पोरगा चांगला आहे, त्यानं माझी बॅग उचलली.

रंजितानं माझ्या हातातून डबा ओढूनच घेतला. तळाशी चारच वड्या आणि चुरा. तिनं वास घेतला. डोळे मिटले. आणि तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत, एक वडी तोंडात घातली. मी आणि भूपेंद्र श्वास रोखून तिच्या गळ्याकडे बघत होतो. भूपेंद्रच्या हातात पिशवी तयार होती. तिनं गिळलं. थांबली. आम्हीही थांबलो. मग तिनं हळूच दुसरी उचलली.

खोटं सांगत नाही, शेतात एवढी पिकं काढली, पण असा आनंद मला कोणत्याही पिकानं दिला नव्हता. चारही वड्या गेल्या, चुराही गेला, आणि सगळं पोटात राहिलं!

तिनं तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. "आई! खाल्ली वो! राह्यली पोटात!"

पलीकडे शालूबाई हसायला लागली, रडायला लागली, दोन्ही एकदमच. मग पदरानं नाक पुसून तिनं फोनमध्ये निरखून पाहिलं.

"काहो, डबा रिकामा काऊन दिसून राह्यला? मी तं काठोकाठ भरला होता!"

रंजितानंही माझ्याकडे पाहिलं. भूपेंद्रनंही.

"अवो, काय सांगू तुले!" मी म्हणालो. "इथचं सरकार लय कडक हाये! बाकीच्या सगळ्या जप्त केल्या!"

"असं काय?" शालूबाई हळहळली. "सरकारच्या पुढं तुम्ही तरी काय करसान! रंजे, फोन जरा बाबाच्या तोंडाजवळ ने बरं."

रंजितानं नेला.

शालूबाईनं डोळे बारीक केले. मग म्हणाली, "सगळं जप्त केलं म्हंता, मंग तुमच्या मिशीतला सांबार सरकारनं काऊन सोडला?"

रंजिता कठडा धरून हसायला लागली. किती दिवसांनी हसली असेल पोरगी! भूपेंद्रनं घाबरून पिशवी पुढं केली, पण तिची गरज पडली नाही. मी खाली मान घालून बोटानं मिशी पुसली. आणि बोटाला जे काय लागलं ते, आता तुम्हीच सांगा, टाकून देणार होतो का?