कॉम्प्युटरला पांघरूण

मुलीचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून वडिलांनी कॉम्प्युटरला पांघरूण घातलं.

दर रविवारी ती दूरदेशाहून पडद्यावर यायची आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीमागचा पंखा घरघरायला लागायचा. तिचं अर्धं बोलणं पंख्याच्याच पोटात जायचं. पंख्यासकट आतला पॉवर सप्लाय जुना झालाय, बदला, असं दुकानदाराने बजावलं होतं. पण त्यासाठी डबा आठवडाभर दुकानात राहणार, म्हणजे एक रविवार बुडणार. त्यापेक्षा वडिलांनी मुलीचीच लहानपणची रजई काढली आणि घडी करून पंख्याच्या तोंडाशी कोंबली. त्याचा श्वास कोंडेल, असं आईने म्हणून पाहिलं. पण मुलगी स्पष्ट ऐकू येत होती, त्यामुळे आई स्पष्ट ऐकू आली नाही.

त्या रविवारी मुलगी नव्या घराच्या पडद्यांविषयी सांगत होती. मध्येच थांबली.

"बाबा, तुमच्या आजूबाजूला धूर दिसतोय."

"धुकं असेल."

"घरात? बाबा, पॉवर सप्लाय जळतोय. आधी बटण बंद करा."

"करतो की. पण मग तू जाशील."

तेवढ्यात वडिलांनी पडद्यांचा रंग विचारून घेतला.

"पिवळा. आता बंद करा ना."

"आणि जेवतेस ना वेळेवर?"

आईने भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन उपसली आणि धुमसती रजई बादलीत बुडवली. मुलगी पिवळ्या पडद्यांसकट नाहीशी झाली.

"वाक्य तरी पुरं होऊ द्यायचंस," वडील म्हणाले.

"घराची राख झाल्यावर कुठे बसून ऐकणार होतात?"

इतक्यात अडीअडचणीपुरता ठेवलेला साधा फोन वाजला. मुलगी आधी ओरडली, मग रडली, मग आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग कितीतरी वेळ काही न बोलता नुसतीच फोनवर राहिली. रविवारच्या बोलण्यात असं कधी झालं नव्हतं.

नवा पॉवर सप्लाय आला. त्याचा पंखा इतका मुका, की चालू आहे का हे बघायला मागे हात धरून वारा चाचपावा लागे. पुढच्या खेपेला मुलगी पडद्यावर आली, सगळं ठीक असल्याची खात्री करून घेतली आणि समाधानाने म्हणाली, "बरं, मग ठेवू? जरा घाईत आहे."

वडील मान डोलवणार, तोच आई पुढे सरकली. तिने दोनदा नाक ओढलं.

"थांब गं. कसलातरी वास येतोय."

वडिलांनी निमूटपणे खुर्ची पुढे ओढली.

"मलाही," ते म्हणाले.